फ्लायव्हील दादाचं, क्लच धाकट्याचा

माझ्या बायकोला दोन भाऊ. थोरला छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर आहे, धाकट्याचं चष्म्यांचं दुकान आहे. एकाला कुठलीही गोष्ट बरोब्बर मधोमध कापता येते आणि दुसऱ्याला ती रेघ केसभर कुणाकडे सरकली आहे ते दिसतं. या दोघांनी एकाच घरात राहावं, एकाने खाली आणि एकाने वर, अशी माझ्या सासऱ्यांची इच्छा होती. सासरे गेले, इच्छा राहिली.

त्या घरात सगळं निम्मं-निम्मं असतं. याचं मूळ पाण्याच्या टाकीत आहे. फार पूर्वी दादाने गच्चीवर नवी टाकी बसवली, स्वतःच्या खर्चाने, कुणाला न विचारता. तिथवर ठीक होतं. पण त्यानंतर वर कुणीही नळ सोडला की खालून आवाज यायचा, "येतंय ना नीट पाणी?" धाकट्याने हे काही वर्षं ऐकून घेतलं आणि एका सकाळी टाकीचे अर्धे पैसे पाकिटात घालून दादाच्या चपलेखाली ठेवले. भांडण असं कधी झालंच नाही. बोलणं तेवढं आटलं, आणि जे उरलं ते माझ्यामार्फत होऊ लागलं. जावई दोन्ही मजल्यांवर पाहुणाच असतो, त्यामुळे निरोपाला बरा पडतो.

जिनासुद्धा वाटलेला आहे. खालच्या पायऱ्या दादाकडची मंडळी झाडतात, वरच्या धाकट्याकडची. पायऱ्यांची संख्या विषम आहे. त्यामुळे मधली एक कुणाच्याच वाट्याला आलेली नाही. ती कुठली हे सांगावं लागत नाही.

माझी बायको कवळ्या बनवते. दुसऱ्याच्या लॅबमध्ये, मागच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून. जबड्याचा साचा डबीतून येतो, तयार दात डबीतून जातात. ज्या तोंडांसाठी तिने इतकी वर्षं दात घासले (घासले म्हणजे मशीनवर), त्यातलं एकही तोंड तिने पाहिलेलं नव्हतं. तक्रार आली की तेवढी तिच्यापर्यंत पोचायची. कौतुक वाटेतच कुणीतरी ठेवून घ्यायचं.

म्हणून डोंगरातल्या वृद्धाश्रमांमधून फिरून जागच्या जागी दात बसवून देण्याची एका संस्थेची नोकरी जाहीर झाली तेव्हा तिने मला न सांगता अर्ज केला, आणि निवड झाल्यावर सांगितलं. अट एकच होती, स्वतःची गाडी हवी. पहिल्या फेरीला संस्थेच्या बाई सोबत येणार होत्या. सोमवारी सकाळी. गाडी नसली किंवा सामानासकट वर चढली नाही, तर यादीतला दुसरा माणूस तयारच होता, आणि त्याच्याकडे नवी व्हॅन होती. बायकोने त्याचं नाव कधी घेतलं नाही. ती त्याला 'व्हॅनवाला' म्हणायची, तेही दात आवळून.

गाडी होती. सासऱ्यांची, जुनी, घराच्या बाजूला पत्र्याखाली. दोघा भावांनी ती विकायचीही नाही आणि वापरायचीही नाही असं न बोलता ठरवलेलं होतं, कारण वापरली असती तर कुणी किती वापरली हा प्रश्न आला असता. बहिणीला द्यायला मात्र दोघे एका पायावर तयार झाले. त्यांचं तिच्यावर खरंच प्रेम आहे. तेही निम्मं-निम्मंच, पण दोन्ही निम्मे चांगले भरघोस.

अडचण इंजिनाची होती. ते म्हातारं झालं होतं. प्लास्टरची पोती, मेणाचे डबे, घासायची मोटर आणि दोन माणसं घेऊन डोंगर चढणं त्याच्याच्याने होणार नव्हतं. मिस्त्री आमच्याच रस्त्यावरचा. कामात बरा, बोलण्यात त्याहून बरा. त्याने बॉनेट उघडून आत पाहिलं आणि आजारी माणसाच्या नातेवाइकांना बाहेर घेतात तसं आम्हाला बाजूला घेतलं.

"याच गाडीचं पुढचं मॉडेल निघालं होतं. त्याचं इंजिन मोठं. ते यात बसतं. गिअरबॉक्स हाच ठेवू, तो ठणठणीत आहे. फक्त जरा उघडून साफ करायचा आणि नवा क्लच टाकायचा."

"म्हणजे दोन कामं," दादा म्हणाला.

"दोनच," धाकटा माझ्याकडे बघून म्हणाला.

मिस्त्रीने हवेत बोटाने एक उभी रेघ मारली. "इकडे इंजिन. तिकडे गिअरबॉक्स."

झालं. त्या दोघांना रेघ दाखवायला नको होती. इंजिन आणि त्याच्या मागचं ते जड लोखंडी चाक, ज्याला फ्लायव्हील म्हणतात, ते दादाने आणायचं. गिअरबॉक्स आणि त्याला लागणारा क्लच धाकट्याने. पुढच्या दोन आठवड्यांत मी बरेच निरोप वाहिले. इंजिन मिळालं का, सील बदलले का, तेल कुठलं घालणार. फ्लायव्हील आणि क्लच एकमेकांना चालतील का, हा निरोप कुणी दिला नाही. तो ना इकडचा प्रश्न होता ना तिकडचा.

दादाने पुढच्या मॉडेलचं इंजिन आणलं, फ्लायव्हीलसकट. धाकट्याने गिअरबॉक्सचा नंबर सांगून जुन्या मॉडेलचा नवाकोरा क्लच आणला, खोक्यासकट. आणि दोघांनी स्वतंत्रपणे येऊन मिस्त्रीला बजावलं.

"माझ्या बाजूचं काही असेल तर मला विचारायचं. त्याच्या बाजूचं त्याला."

"बरोबर आहे शेठ," मिस्त्री दोघांना म्हणाला. त्यालाही गिऱ्हाईक सांभाळायचं असतं.

शनिवारी सकाळी गाडी तयार झाली. गल्लीत तिने सुरेख सुरुवात केली. बायको चालवत होती, दादा तिच्या शेजारी, मागे धाकटा आणि मी, आणि आमच्या पायांत प्लास्टरची पोती. खरं सामान घालूनच बघायचं, असा बायकोचा आग्रह होता.

"क्लचचं पेडल किती हलकं आहे," ती म्हणाली. "लोण्यासारखं."

"नवा सेट आहे ताई," धाकटा मागून म्हणाला.

"मागचं चाक चांगलं असलं की सगळंच हलकं लागतं," दादा काचेबाहेर बघत म्हणाला.

हलक्या पेडलाचं श्रेय निम्मं-निम्मं वाटून झालं होतं आणि गाडी अजून सपाट रस्त्यावर होती.

गावाबाहेर खाणीकडे जाणारा एक चढ आहे. डोंगराच्या मानाने काहीच नाही, पण परीक्षा घेण्यापुरता आहे. बायकोने दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. इंजिनाचा आवाज चढला. गाडी चढली नाही. तिने आणखी दाबला. आवाज आणखी वर गेला, जणू आत कुणी तावातावाने भाषण करत होतं आणि चाकं ते शांतपणे ऐकून घेत होती. मग जळका वास आला.

"इंजिनाला काही झालेलं नाही," दादा लगेच म्हणाला. "ऐका ना, कसं पळतंय."

"गिअर तर पडतोय," धाकटा म्हणाला. "भाऊजी, सांगा त्यांना, गिअर व्यवस्थित पडतोय."

"दादा तुमच्या पुढ्यातच बसलेत," मी म्हणालो. "तुम्हीच सांगा."

त्यांनी नाही सांगितलं. दोघांचंही म्हणणं खरं होतं, हीच पंचाईत होती. बायकोने गाडी तशीच मागे उतरवली, वळवली आणि गोगलगाईच्या चालीने गॅरेजपर्यंत आणली. उतरताना तिने हातांना काही लागलेलं नसतानाही ते ओढणीला पुसले. ती घाबरली की असं करते. मला एकट्यालाच ते माहीत असावं.

गिअरबॉक्स पुन्हा खाली आला. मिस्त्रीने क्लचची प्रेशर प्लेट सोडवली. आतली गोल क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणं हे तिचं काम. क्लच प्लेट बाहेर काढली तर तिची कड काळी पडलेली. मिस्त्रीने डोकं खाजवलं.

"एक सांगू का," तो म्हणाला. "बसवताना मला वाटलंच होतं. फार सहज बसली ही. नवी प्रेशर प्लेट आडमुठी असते. बोल्ट एकेक करून आवळत आणावे लागतात, अंगावर येते. ही लेकाची काही न बोलता बसली."

"मग बोलला का नाहीस?" दादाने विचारलं.

"कोणाला विचारू शेठ? भोकं जुळली, बोल्ट बसले. फ्लायव्हील तुमचं, प्लेट ह्यांची. दोघांच्या मधलं कोणाला विचारायचं ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

यावर दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मी टायरकडे पाहिलं.

बायको एव्हाना खाली बसली होती. तिने फ्लायव्हील आडवं ठेवलं, त्यावर क्लच प्लेट, त्यावर प्रेशर प्लेट, आणि तिन्हीवर तळहात ठेवून दाबलं. मग मान तिरकी करून कडेने पाहिलं. लॅबमध्ये ती खालच्या-वरच्या कवळ्या हातात धरून अशीच बघते.

"हे चाक मधे खोलगट आहे," ती म्हणाली. "बघ दादा, बोट फिरव. कडेला पायरी आहे. आणि जुन्या गाडीचं चाक?"

मिस्त्रीने कोपऱ्यातून जुनं फ्लायव्हील ओढून आणलं. ते सपाट होतं, पोळपाटासारखं.

"म्हणजे ह्याची प्लेट त्या सपाट चाकासाठी आहे," ती म्हणाली. "ह्या खोलगट चाकात ती खाली पोचते, पण दाबत नाही. दात सगळे जागेवर आहेत, चाव्याची उंची कमी पडतेय. वरची कवळी एका माणसाने करायची, खालची दुसऱ्याने, आणि दोघांनी एकमेकांना विचारायचं नाही. मग म्हाताऱ्याने चावायचं कसं? तो नुसता तोंड हलवत बसतो. लांबून वाटतं, जेवतोय."

"तुझ्याकडे अशा कवळ्या येतात?" मी विचारलं.

"येतात. लोक डबीत ठेवून देतात मग."

दादा खाली वाकला आणि त्याने पायरीवरून बोट फिरवलं. धाकट्याने चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिलं. आता मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण मान्य केलं म्हणजे काहीतरी करावं लागतं, आणि ते कुणी करायचं इथे घोडं अडलं.

"दोन रस्ते आहेत," मिस्त्री म्हणाला. "जुनं सपाट चाक या इंजिनाला बसत नाही, ते सोडा. एक तर लेथवर ह्याची कड उतरवून घ्यायची, म्हणजे हे सपाट होईल. नाहीतर पुढच्या मॉडेलचाच क्लच आणायचा. फक्त त्याच्या प्लेटचे आतले दाते आपल्या गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसायला हवेत. ते बघून घ्यावं लागेल."

"चाक कापायचं?" दादा म्हणाला. "चांगलं चाक आहे. त्याला काय झालंय?"

"आणि सेट का बदलायचा?" धाकटा म्हणाला. "भाऊजी, कालपर्यंत खोक्यात होता तो. त्यांना सांगा, चूक असेल तर चाकाची आहे."

"जावईबापू, त्याला सांगा, इंजिन पुढच्या मॉडेलचं येणार हे गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक होतं."

बायको उठली. मला वाटलं आता ती ओरडेल. ती ओरडत नाही हे इतक्या वर्षांनीही मी विसरतो. तिने फ्लायव्हील दोन्ही हातांनी उचललं आणि धाकट्याच्या हातात दिलं. त्याच्या नव्या पँटला वंगण लागलं. मग तिने क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट उचलून दादाच्या हातात दिल्या.

"आता चाक तुझं," ती धाकट्याला म्हणाली. "आणि दादा, क्लच तुझा. ज्याच्या हातात जे आहे ते त्याचं. सुट्या भागांचं दुकान संध्याकाळी बंद होतं, उद्या उघडत नाही. जुळेपर्यंत परत येऊ नका."

"अगं चिमे, पण—"

"सोमवारी बाई येणारेत, दादा. मला परत त्या खिडकीकडे पाठ करून बसायचं नाही."

एवढंच. ओढणीला हात पुसले आणि मिस्त्रीच्या स्टुलावर जाऊन बसली.

मलाही त्यांच्यासोबत पाठवलं, निरोपाला. ते दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला. रिक्षा मिळाली नाही म्हणून आम्ही बसने निघालो. गर्दी नव्हती. दोघे मुद्दाम वेगळ्या सीटवर बसले असते, पण एका माणसाच्या मांडीवर फ्लायव्हील असलं की त्याला खिडकीकडे सरकता येत नाही. तो जिथे टेकला तिथेच राहिला, आणि बस सुटताच क्लच सांभाळत दादा त्याच्या शेजारीच टेकला.

कंडक्टरने दोघांच्या मांड्यांकडे पाहिलं. "हे काय, सामान?"

"दागिने आहेत," दादा म्हणाला.

धाकट्याला हसू आलं. ते त्याने खोकल्यात घातलं. मी मागच्या सीटवरून सगळं पाहत होतो. बस एका खड्ड्यात आदळली आणि फ्लायव्हील त्याच्या गुडघ्यावर आपटलं.

"उजव्या गुडघ्यावर ठेवू नकोस ना," दादा म्हणाला. माझ्याकडे न बघता. थेट. "तो तुझा शिडीवरून पडलेला."

"डावा आहे."

"उजवा. मीच नेलं होतं तुला बांधून घ्यायला."

धाकट्याने जरा विचार केला आणि चाक डाव्या मांडीवर घेतलं. शेवटच्या स्टॉपपर्यंत माझ्यामार्फत काही गेलं नाही, हे मी नोंदवून ठेवतो.

दुकानातला काउंटरवरचा माणूस घाईत होता. शटर अर्धं खाली ओढलेलं. त्याने दोघांच्या हातांतलं लोखंड पाहिलं.

"कोणाची गाडी?"

साधा प्रश्न. पण या घरात याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नव्हतं. दादाने धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने दादाकडे.

"बहिणीची," धाकटा म्हणाला.

"बहिणीची आहे," दादा म्हणाला. "तिला डोंगर चढायचाय. एक सेट बरोबर जुळवून द्या."

मग गंमत झाली. दुकानदाराने पुढच्या मॉडेलचा सेट काढला तर दादा त्याच्यावर तुटून पडला. क्लच आता त्याचा होता ना. "दाते बघा आधी. आमचा गिअरबॉक्स जुना आहे, पण त्याच्यात खोट नाही. त्याला हे चाललं पाहिजे." आणि धाकटा फ्लायव्हीलवर हात ठेवून म्हणत होता, "चाक कापून घेणार नाही हं आम्ही. चांगलं चाक आहे." सकाळी हीच वाक्यं उलट्या तोंडांतून आली होती.

जुन्या क्लच प्लेटवर नवी ठेवून दाते जुळवले. जुळले. मग फ्लायव्हील काउंटरवर आडवं ठेवलं, त्यात नवी प्लेट, वरून नवी प्रेशर प्लेट. ती कडेला टेकलीच नाही. खाली फट राहिली, चांगली बोट जाईल एवढी. दादाने दाबून पाहिलं, हलली नाही. धाकट्याने दाबलं, हलली नाही. दोघांनी मिळून दाबलं.

"आडमुठी आहे," दादा समाधानाने म्हणाला.

"हवीच तशी," धाकटा म्हणाला.

पैसे कुणी दिले ते मी पाहिलं आहे. मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर पाण्याची टाकी पुन्हा भरायला लागेल.

रविवारी मिस्त्रीने सेट बसवला. यावेळी बोल्ट आवळताना तो घामाघूम झाला आणि त्याबद्दल त्याने सगळ्यांचं अभिनंदन केलं. दुपारी आम्ही तीच पोती घेऊन खाणीच्या चढाला गेलो. बायकोने दुसरा गिअर टाकला. इंजिनाचा आवाज चढला आणि त्याच्याबरोबर आम्हीही. वरपर्यंत. तिथे तिने मुद्दाम गाडी थांबवली, चढावरच, आणि पुन्हा उचलली. उचलली गेली.

"पेडल जरा जड झालंय," ती म्हणाली.

"जडच आहे," दादा म्हणाला.

"सवय होईल ताई," धाकटा म्हणाला.

श्रेय कुणी मागितलं नाही. जड पेडलाचं कोण मागणार?

सोमवारी सकाळी संस्थेच्या बाई आल्या. त्या बारीक अंगाच्या, हातात फाईल, गाडीकडे पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. जुनी गाडी पाहून जितक्या जातात तितक्याच. बायकोने त्यांना पुढे बसवलं, साच्यांच्या डब्या मागे पोत्यांच्या मधे नीट खोचल्या आणि निघाली. वळताना तिने हात केला की आरसा नीट केला ते कळलं नाही.

मी रजा टाकून दादाकडे बसलो होतो. दादाही कामावर गेला नव्हता. कारण विचारलं तर म्हणाला, कंबर धरली आहे. वर धाकट्याने दुकान उशिरा उघडायचं ठरवलं होतं. त्याची कंबर कुणी विचारली नाही. त्याच्या पावलांचा आवाज डोक्यावरून खिडकीपर्यंत जायचा आणि परत यायचा.

चहा दोनदा झाला. मग दादाचा फोन वाजला. त्याने तो टेबलावर ठेवूनच घेतला, मोठ्या आवाजात, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"पोचलो," बायको म्हणाली. मागे भांड्यांचा आणि बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचा आवाज होता. "बाई म्हणतायत पुढच्या सोमवारीही ह्याच गाडीने येऊ. मला इथे एका आजींनी आल्या आल्या तोंड उघडून दाखवलंय. मी तीन वर्षांपूर्वी केलेली कवळी आहे ती, दादा. मी ओळखली."

"कशी आहे?"

"खालची घासायला झालीय. ठेवते मी. धाकट्याला सांग."

फोन बंद झाला. दादाने माझ्याकडे पाहिलं. सवयीने. मी कप उचलला आणि त्यात चहा नसूनही तोंडाला लावला. तळाशी किती वेळ बघता येतं हे त्या दिवशी मला कळलं.

दादा गुडघ्यांवर हात टेकून उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. मला त्याची पावलं जिन्यावर ऐकू आली. खालच्या पायऱ्या, मग क्षणभर काहीच नाही, मग वरच्या पायऱ्या.

वर दार उघडलं. "चढली रे," दादा म्हणाला.

मधली पायरी अजून कुणी झाडत नाही.